तिला विचारलं नाही

कतारमधल्या दोह्याच्या त्या इस्पितळात रक्त शुद्ध करणारी यंत्रं एका लांब खोलीत ओळीने मांडलेली होती. खोलीत शिरून नुसती नजर फिरवली तरी कोण राहणार आणि कोण जाणार हे कळत असे. जो राहणार त्याच्या हाताच्या शिरा जोडून कायमची सोय केलेली असे. त्या जागी बोट ठेवलं तर कातडीखाली मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं. जो जाणार त्याच्या गळ्याशी नळी घालून वर चिकटपट्टी लावलेली असे. हातावरचं ऑपरेशन वर्षानुवर्षांसाठी, गळ्यातली नळी तिकीट होईपर्यंत.

हा नियम लिहिलेला मी कुठे पाहिला नाही. यंत्रं थोडी होती आणि आजारी माणसं जास्त. कतारी माणसाची खुर्ची ठरलेली असे. इतर अरबांना ओळखीपाळखीने, कुणाच्या शब्दाने जागा मिळे. गोरा इंजिनियर आजारी पडला तर त्याची कंपनी त्याला लगेच मायदेशी पोचवी, आणि तिथे त्याचं नाव नव्या मूत्रपिंडासाठी लागलं असं आमच्या कानावर येई. आमचा माणूस, म्हणजे हिंदुस्थानी, पाकिस्तानी, बंगाली, आला की त्याला नळी घालत, थोडी सूज उतरवत आणि विमानात बसवत. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे असं नाही. नर्सा मायेने वागत. पण मायेने वागूनही नळी गळ्यातच घालत.

मी त्या खोलीचा कारकून होतो. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, मराठी शाळेत मॅट्रिक झालेला आणि गावातल्या अर्ध्या पुरुषांसारखा सत्तरच्या दशकात आखातात उतरलेला. शहरातल्या अल मुंतझा वस्तीत कोकणातल्या चारपाच जणांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होतो. इंग्रजी कामापुरतं येत होतं, अरबी कानाने शिकलो होतो, आणि मराठी, उर्दू घरचीच. त्यामुळे आपल्याकडचा रोगी आला की डॉक्टर मला हाक मारत. दुभाषा म्हणून माझी नेमणूक कधी झाली नाही. आपसूक ते काम माझ्याकडे आलं, आणि पुढे मला त्याचा थोडा अभिमानही वाटू लागला.

त्या कामाची माझी एक पद्धत बसली होती. डॉक्टरांची पाच वाक्यं माझ्या तोंडून दोन होऊन बाहेर पडत. आपल्या माणसाला लांबण नको असतं, असं मी स्वतःला सांगत असे. शिवाय आमच्या घरांतून शिकवणच अशी की वाईट बातमी रोग्याच्या तोंडावर सांगायची नाही. घरच्या थोरल्या पुरुषाला अंगणात न्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि हळू आवाजात सांगायचं. मग तो ठरवणार कुणाला किती कळू द्यायचं. दोह्यात ही रीत पाळणं सोपं नव्हतं, कारण तिथे कुणाचं घरच नव्हतं. सगळे एकटे आलेले. अंगण नाही, थोरला नाही. मग बातमी माझ्यापाशीच राही. तशा किती बातम्या माझ्यापाशी राहिल्या ते आठवायचा मी प्रयत्न करत नाही. एक मात्र न आठवता राहत नाही.

तो वेल्डर होता, सातारकडचा. ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल तेव्हाची गोष्ट. उन्हात टाक्यांच्या आत बसून सांधे जोडायचं त्याचं काम. पाणी कमी प्यायचा, कारण लघवीसाठी सारखं खाली उतरावं लागे आणि फोरमन शिव्या घाली. पाठ दुखे म्हणून मूठमूठ गोळ्या खायचा. एके दिवशी कॅम्पमधल्या सोबत्यांनी त्याला उचलून आणलं तेव्हा त्याचं तोंड सुजून डोळे मिटले होते.

दोनचार वेळा यंत्रावर बसल्यावर सूज उतरली आणि आतला माणूस दिसला. रुंद हाडाचा, तिशीतला, बोलका. मला पहिल्यांदा विचारलं ते असं :

"भाई, तुम्ही आपल्याकडचं दिसताय. मग सांगा, ह्या यंत्रात वेल्डिंग कुणी केलंय? सांधा गळतोय बघा."

खरंच एका जोडाशी थेंब साचला होता. नर्सने नळी घट्ट केली आणि तो मोठं काम केल्यासारखा मागे टेकला.

त्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक वयस्क कतारी व्यापारी बसत असे. त्याची खुर्ची वर्षभरापासून ठरलेली, हात घुरघुरणारा. त्याचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला जात. लहानपणी तोही त्यांच्याबरोबर राहून आला होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोले आणि बोलायला मिळालं की खूश होई. मूत्रपिंडाच्या रोग्याला खजूर वर्ज्य. हा बाहीत लपवून एक खजूर आणायचा, अर्धा स्वतः खायचा आणि अर्धा वेल्डरला द्यायचा. नर्स रागावली की म्हणायचा, "ये मेहमान है. मेहमान को मना नहीं करते."

"शेठ, मेहमान हाय म्हणूनच नळी गळ्यात हाय," वेल्डर मराठीतच म्हणाला. व्यापाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं नाही. हसून वेळ मारून नेली.

म्हणजे त्याला कळत होतं. भोळ्या माणसाला आपण फसवलं असं मीच पुढे पुष्कळ वर्षं समजत आलो, म्हणून हे लिहून ठेवतो. तो भोळा नव्हता. मी सांगेन ते खरं धरायचं असं त्याने ठरवलं होतं, एवढंच.

गप्पांत त्याने घरचं सांगितलं होतं. आईवडील नाहीत, लग्न ठरता ठरता राहिलेलं. एक बहीण, त्याच्याहून थोडी मोठी, शेजारच्याच गावात दिलेली. तीच त्याची आई. "ती रागावली की मी अजून पळतोय," असं म्हणायचा.

आमचे डॉक्टर सुदानी होते. तेही त्या देशात आमच्यासारखेच परके, फक्त त्यांची खोली मोठी. एका सकाळी ते वेल्डरच्या खुर्चीपाशी आले. कंपनीचा मंदूब, म्हणजे कामगारांचे पासपोर्ट आणि व्हिसा सांभाळणारा माणूस, आधीच येऊन उभा होता. हातातल्या किल्ल्या वाजवत होता. "खलास? सोमवारचं तिकीट करू?" असं त्याने अरबीत विचारलं. डॉक्टरांनी त्याला उत्तर दिलं नाही. ते रोग्याकडे वाकले आणि माझ्यासाठी सावकाश इंग्रजीत बोलले.

ते काय बोलले ते मला आजही पाठ आहे. म्हणाले, याला सांग की दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत आणि ती परत सुधारणार नाहीत. यंत्राशिवाय तो फार दिवस काढू शकणार नाही. इथे मी त्याला ठेवू शकत नाही, याची मला शरम वाटते. पण त्याच्या देशात, मुंबईत, मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया होते, सरकारी इस्पितळातही होते. सख्खा भाऊ किंवा बहीण असेल आणि रक्त जुळलं तर एक मूत्रपिंड देता येतं, देणारा माणूस नीट जगतो. म्हणून त्याने उतरल्या उतरल्या थेट इस्पितळात जावं. गावाला जाऊ नये.

मी वेल्डरकडे वळलो. त्याने डोळे माझ्यावर लावले होते. मंदूबच्या किल्ल्या थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, इथली हवा तुम्हाला मानवत नाही. घरी जा. आराम करा, पथ्य सांभाळा."

"बरा होईन का?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

डॉक्टर सरळ झाले. "एवढंच?" त्यांनी मला विचारलं. "मी तर पुष्कळ बोललो."

"आमची भाषा आटोपशीर आहे, डॉक्टर," मी म्हणालो.

ते हसले. दमलेले होते, हसायला काहीतरी हवं होतं त्यांना. मीही हसलो. आम्ही हसतोय म्हणून वेल्डरही हसला. आता रात्री घरातला फ्रिज घुर्र करून चालू होतो तेव्हा मला ते तीन माणसांचं हसणं ऐकू येतं.

मी असं का केलं? मंदूबची भीती होती, हे खरं. कंपनीच्या कामगाराला इस्पितळातल्या कारकुनाने उगाच आशा लावली असं झालं असतं तर माझाही व्हिसा कुणाच्या तरी हातात होताच. पण तेवढ्यावर मी सुटत नाही. त्या क्षणी माझ्या मनात भीतीच्याही आधी एक विचार आला होता, आणि तो असा : हे याच्यासाठी नाही. मूत्रपिंड बदलणं, मोठे डॉक्टर, मुंबईतलं ऑपरेशन हे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसासाठी असतं. सातारकडचा वेल्डर, त्याची ती खेड्यातली बहीण, तिचं सासर. ते कुठून करणार? ज्या खोलीत माणसांची अशी वाटणी होत होती त्या खोलीत मी वर्षानुवर्षं बसलो होतो. ती वाटणी मला अन्याय वाटायची, फ्लॅटवर जेवताना मी तावातावाने तसं बोलायचोही. आणि तीच वाटणी माझ्या डोक्यात इतकी पक्की बसली होती की डॉक्टरांनी जे दार उघडलं ते मी स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

पुढचं असं जुळून आलं की एखाद्याला खोटं वाटेल. कतारी रोग्यांना तेव्हा उपचारासाठी लंडनला पाठवत. व्यापारी मात्र म्हणाला, थंडी नको, मुंबई माझी ओळखीची. मुंबईच्या एका खाजगी इस्पितळात त्याची व्यवस्था झाली. सोबतीला मुंबई माहीत असलेला माणूस हवा, म्हणून त्याने मला मागून घेतलं. आणि मी जातोच आहे तर वेल्डरला सांभाळून न्यावं, असं इस्पितळाने ठरवलं. दोह्याच्या कडेचं, अल थुमामाचं उघडं माळरान विमानाच्या पंखाखालून मागे गेलं तेव्हा एकाच आजाराची दोन माणसं माझ्यासोबत होती. एक पुढच्या रुंद खुर्चीवर, एक शेवटच्या रांगेत.

मी मधून मधून मागे जात होतो. वेल्डरच्या गळ्यातली नळी काढून तिथे जाड पट्टी लावली होती. त्याला तहान लागली होती. मी कपात बर्फाचे दोन तुकडे आणून दिले.

"वाळवंटात पाणी मिळंना म्हणून आजारी पडलो," तो बर्फ गालात धरून म्हणाला. "आता बाई ट्रॉली घेऊन पाणीच पाणी वाटतीया, तर पिऊ द्यायचं न्हाई. शेठ कसं हायत?"

"झोपलेत."

"त्यांना माझाच आजार ना?"

"तोच."

"मग त्यांच्यावर मुंबईत काय करणार?"

ही माझी दुसरी संधी होती. इथे मंदूब नव्हता. त्याच्या बाजूची खुर्चीही रिकामी होती.

"तपासण्या," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. उरलेला बर्फ चावून संपवला. मग म्हणाला, "करू द्या तपासण्या. माणूस चांगला हाय."

पुढे गेलो तर व्यापारी जागा झाला होता. "वो वेल्डर किस अस्पताल में जायेगा?" त्याने विचारलं.

"गाव जायेगा."

"गाव में मशीन है?"

"नहीं."

त्याने खुर्चीची पाठ सरळ केली. "उसका भाई नहीं है?"

"एक बहन है."

"तो बहन?"

"शादी हो गयी उसकी. हमारे यहाँ शादी के बाद लडकी दूसरे घर की हो जाती है."

"शादी से खून भी बदलता है?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच माहिती विचारावी तसं विचारलं. मग जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की त्याच्या तिन्ही मुलांनी देऊ केलं होतं, त्यानेच नको म्हटलं. मुलं तरुण आहेत. मुंबईत कुणीतरी देणारा शोधून ठेवला होता. म्हणजे आपल्या मुलांना जपण्यासाठी तो आमच्या कुणाकडून घेणार होता. पण त्याने निदान मुलांशी बोलणं केलं होतं.

मुंबईत सहारच्या विमानतळावर बाहेर पडलो तेव्हा वेल्डरची बहीण आणि मेहुणे गर्दीत पुढे उभे होते. ती उंच, भावासारखीच रुंद हाडाची. तिने त्याला चाकाच्या खुर्चीत पाहिलं आणि एकदम रागावल्यासारखी म्हणाली, "हे काय करून घेतलंस रे?" लगेच वाकून त्याच्या गळ्याभोवती आपल्या पदराचं टोक गुंडाळायला लागली, ती पट्टी झाकायला. तो हसून म्हणाला, "आक्का, मारू नको, आजारी हाय."

तिने मला विचारलं, "डॉक्टर काय म्हणालं?"

मी तिला म्हणालो, "सांगतो." आणि मेहुण्यांचा हात धरून त्यांना सामानाच्या गाड्यांपलीकडे नेलं. खांद्यावर हात ठेवला. रीतीप्रमाणे.

मी त्यांना सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. त्यांचा चेहरा उतरला. सज्जन माणूस होता, शाळेत शिपाई. "काहीच इलाज न्हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "एक ऑपरेशन असतं. रक्ताच्या नात्यातलं कुणी आपलं एक मूत्रपिंड देतं." त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती काही पावलांवर उभी होती. पदर भावाच्या गळ्यात, हात त्याच्या केसांत.

"आम्हाला बारकी लेकरं हायत, भाई," ते म्हणाले.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तिला सांगू नका. ती ऐकायची न्हाई कुणाचं."

"नाही सांगत."

एवढंच झालं. देणारा माणूस नीट जगतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. सरकारी इस्पितळातही होतं, हे सांगितलं नाही. ते घाबरले आणि मी सुटलो. आम्ही दोघं परत आलो आणि मी बहिणीला म्हणालो, "पथ्य सांभाळा, ताई. मीठ कमी, पाणी मोजून." तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मीठ कसलं चालेल, साधं की सैंधव, असं विचारलं. मी जाताना वेल्डरने हात वर केला आणि पलीकडे गाडीत बसवल्या जाणाऱ्या व्यापाऱ्यालाही केला. व्यापाऱ्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

मुंबईत व्यापाऱ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. देणारा एक गिरणी कामगार होता, गिरणी बंद पडलेली. व्यापाऱ्याने त्याच्यासाठी खजुराचा डबा माझ्याकडे दिला. तो मी खालच्या मजल्यावर नेला. माणूस झोपला होता, बायको उशाशी बसून होती. तिने डबा घेतला आणि विचारलं, "त्यांना बरं आहे ना? आमचं नीट नांदतंय ना तिकडं?" सासरी दिलेल्या मुलीबद्दल विचारावं तसं. मी हो म्हणालो.

त्याच दिवसांत रक्ताच्या कसल्याशा कामासाठी मला एका सरकारी इस्पितळात जावं लागलं. तिथल्या व्हरांड्यात बाकावर एक बाई कमरेशी हात धरून चहा पीत बसली होती. मराठवाड्याची असावी. धाकट्या भावाला मूत्रपिंड देऊन तिला थोडेच दिवस झाले होते. मी चौकशी केली तेव्हा ती मलाच हसली.

"दोन होत्या, एक दिली. त्यात काय रडायचं? डॉक्टर म्हणले कोण देतंय, मी म्हणले मी देते."

"घरचे काही बोलले नाहीत?"

"बोलले की. बोलू द्यावं. इचारलं मला होतं."

मी धावत खाजगी इस्पितळात आलो. व्यापारी उशीला टेकून बसला होता. मी म्हणालो, मला दोन दिवस गावी जायचंय, वेल्डरकडे. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. खरं सांगायचं तर तो नाही म्हणेल अशी माझी आशा होती. तो म्हणाला, "यल्ला, जाओ. आज ही जाओ. उसकी बहन से बात करो."

मी एसटी स्टँडवर गेलो. साताऱ्याची गाडी उभी होती. मी तिच्याकडे पाहत उभा राहिलो. मेहुण्यांना दिलेला शब्द आठवला. घरात शिरून नवऱ्याच्या माघारी बायकोला असं काही सांगायचं, आणि उद्या तिला काही झालं तर? मी परका, त्यात मुसलमान. आता हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे, घरच्या थोरल्याला मी सांगितलंय, माझं काम झालं. असं मनाशी म्हणत होतो तोवर कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली. मी चहा घेतला आणि परत आलो. व्यापाऱ्याला सांगितलं की गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं नाही, मीही पुन्हा बोललो नाही.

वेल्डर महिन्याच्या आत गेला. दोह्याला परतल्यावर त्याच्याच कॅम्पमधल्या एकाकडून कळलं. ती बातमी डॉक्टरांना मी सांगितली. त्यांनी विचारलं, "रक्त जुळलं नाही का?" मी म्हणालो, "नाही." आता त्या खोटेपणाची मला गरजसुद्धा नव्हती.

पुढच्या वर्षी सुट्टीवर आलो तेव्हा वेल्डरची पत्र्याची पेटी घेऊन त्याच्या बहिणीकडे गेलो. पेटीत कपडे, ट्रान्झिस्टर आणि वेल्डिंगचा काळा चष्मा होता. दिवाळीचे दिवस होते, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी भाऊबीज आहे, हे ठाऊक नव्हतं. ती अंगणात ताट घेऊन उभी होती. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं, तशी तयारी करून. मला पाहून म्हणाली, "बरं झालं आलात. पाटावर बसा."

कुंकवाचं बोट माझ्या कपाळाजवळ आणून ती जरा थबकली. मी मान पुढे केली. तिने टिळा लावला, ताट फिरवलं. म्हणाली, "त्याला घरापातुर आणून पोचवलंत. माझ्या हातावर गेला तो. तुम्ही नसता तर परमुलुखात गेला असता." मेहुणे उठून गोठ्याकडे निघून गेले.

त्यानंतर दर वर्षी मी जात राहिलो. दोह्यात होतो तोवर सुट्टी त्या बेताने घ्यायचो, कायमचा परतल्यावर तर चुकवलं नाही. रत्नागिरीहून पहाटेची गाडी. तिला साडी, मुलांना काहीतरी. माझी बायको म्हणायची, तुम्हाला सख्ख्या बहिणी आहेत त्यांच्याकडे इतक्या नेमाने जात नाही. मी तिला कारण सांगितलं नाही, आणि आता तीही नाही. दर भाऊबीजेला ताट बाहेर आलं की मेहुण्यांना गोठ्यात काम निघायचं. आम्ही दोघं त्या विषयावर एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही. त्यांची माझी नजर कधी भेटली तर आम्ही पावसापाण्याचं बोलायचो.

मेहुणे गेले त्याला तीन वर्षं झाली. मला वाटलं होतं आता हे माझ्याबरोबर संपेल. पण आता गोठ्याकडे उठून जाणारं कुणी नव्हतं, आणि तिच्या ताटातल्या दिव्यासमोर मी एकटाच बसू लागलो. तो उजेड मला सोसेना. गेल्या उन्हाळ्यात मी गेलो आणि तिला सांगितलं. डॉक्टरांची सगळी वाक्यं, जशीच्या तशी, तेव्हा सांगायची होती तशी. एसटी स्टँडही सांगितला. तिच्या नवऱ्यावर काही ढकलायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण सामानाच्या गाड्यांमागचं बोलणं टाळून हे पुरं होईना.

मी हेही म्हणालो की कदाचित रक्त जुळलं नसतं. कदाचित ऑपरेशन होऊनही तो टिकला नसता. नंतरची औषधं जन्मभर घ्यावी लागतात, ती महाग असतात. हे सगळं खरं आहे. ते बोलताना माझं मलाच मी अजून भाषांतर करतोय असं वाटत होतं.

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मी तिथंच हुभी हुते ना?" तिने विचारलं.

"हो."

"जवळच."

"हो, जवळच."

"मग मला का न्हाई इचारलं?"

रीत म्हणालो असतो, तर रीत तिलाही ठाऊक होती. ती सूप उचलून आत गेली. दे म्हटलं असतं की नको म्हटलं असतं, हे ती बोलली नाही. मला ते विचारायचा हक्क नव्हता.

भाऊबीजेला जावं की नाही, हे ठरेना. शेवटी गेलो. संध्याकाळी ती अंगणात आली, ताट हातात. मी ओट्यावर होतो. पाट मांडलेला नव्हता. पश्चिमेला बीजेची कोर होती, आमच्यात जी पाहून महिना धरतात तीच, बारीक, लगेच मावळणारी. तिने कोरीकडे तोंड केलं, पदर सारखा केला आणि सावकाश ताट फिरवलं. अक्षता वर टाकल्या. तिचे ओठ हलत होते. ती भावाचं नाव घेत असावी.

मग ताट सांभाळत ती माझ्या समोरून उंबऱ्याकडे गेली. दिव्याचा उजेड माझ्या पायांवरून सरकत गेला.

"जेवण झाकून ठेवलंय," आतून ती म्हणाली. "खाऊन मग जावा."

मी जेवलो. पाणी तिने न मोजता तांब्याभर ठेवलं होतं.